दोन महिने पलटणीत, दहा महिने कामावर: प्रादेशिक सेना आणि नोकरी एकत्र कशी निभावावी

टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे प्रादेशिक सेनेची, जाहिरात आली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. पेपर कसा असतो, एसएसबीत (अधिकारी निवडणाऱ्या सेवा निवड मंडळाच्या चाचणीत) काय विचारतात, पळायची तयारी किती लागते. नोकरीचं काय करायचं हे फार थोडे जण विचारतात, आणि ज्यांना विचारायचं सुचतं त्यांची तोवर निवड झालेली असते.

मी बारा वर्षं प्रादेशिक सेनेत अधिकारी होतो. ती सगळी वर्षं पुण्याजवळच्या एका कारखान्यात टूल डिझाइनचं कामही करत होतो. दोन्हीकडे माझ्या हातून चुका झाल्या, पण महाग पडल्या त्या सगळ्या नोकरीच्या बाजूच्या. पलटणीकडची बाजू सरळ असते: तारीख येते, हुकूम येतो, आपण जातो. तिथे काय करायचं ते सांगायला माणसं असतात. मागे राहिलेलं टेबल, मागे राहिलेला ग्राहक आणि मागे राहिलेलं घर यांची व्यवस्था मात्र आपल्यालाच लावावी लागते, आणि ती निघायच्या आठवड्यात लावता येत नाही. म्हणून हा लेख परीक्षेपेक्षा त्या व्यवस्थेबद्दलच जास्त आहे.

आधी हे नीट समजून घ्या

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या सेनेचं रीतसर उद्घाटन केलं, आणि आजही ९ ऑक्टोबरलाच तिचा स्थापना दिन असतो. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्या होत्या. कल्पना साधी आहे. पोट भरायला स्वतःचा कामधंदा करणारा नागरिक वर्षातला काही काळ गणवेश घालतो, आणि देशाला गरज पडली की जास्त काळ घालतो. त्यामुळे अधिकारी म्हणून अर्ज करताना वय १८ ते ४२, पदवी आणि शारीरिक तंदुरुस्ती यांच्याबरोबर आणखी एक अट असते: तुमच्याकडे कमाईचं साधन हवं. नोकरी असो, धंदा असो, वकिली असो. सेनादलांत, पोलिसांत किंवा निमलष्करी दलात आधीच असलेल्यांना हा मार्ग नाही. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठीही हे दार खुलं असल्याचा निकाल दिला.

म्हणजे नोकरी ही इथे अडचण नाही, ती पात्रतेचा भाग आहे. जाहिरातीतही स्पष्ट लिहिलेलं असतं की ही पूर्णवेळ कारकीर्द नाही. निवृत्तिवेतन प्रत्यक्ष पाचारणावर, म्हणजे सेनेने सेवेसाठी बोलावल्यावर, घालवलेल्या वर्षांवर ठरतं. नुसते वार्षिक कॅम्प करून ती वर्षं भरत नाहीत. पेन्शनच्या हिशेबाने यायचं असेल तर येऊ नका.

एक गैरसमज दूर करतो. कपिल देव किंवा महेंद्रसिंह धोनी यांना प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा आहे, तो मानद आहे. तुम्ही ज्यासाठी अर्ज करता ते खरंखुरं कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, असतं. परीक्षा, एसएसबी आणि वैद्यकीय तपासणी यांतून जाऊन लेफ्टनंटपासून सुरुवात करायची. सचिन पायलट केंद्रात मंत्री असताना आणि अनुराग ठाकूर खासदार असताना याच मार्गाने लेफ्टनंट झाले.

परीक्षेबद्दल थोडक्यात सांगतो. बहुपर्यायी प्रश्न असतात; तर्कशक्ती, शाळेच्या पातळीचं गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. त्यानंतर पाच दिवसांची एसएसबी. जागा अगदी थोड्या असतात, २०२५ च्या जाहिरातीत फक्त १९ होत्या. त्यामुळे एका प्रयत्नात निवड होईलच असं धरून आयुष्याची आखणी करू नका. दुसऱ्या बाजूने, निवड होणारच नाही असं धरून ऑफिसला अंधारातही ठेवू नका.

पलटण घराजवळ मिळेल असंही गृहीत धरू नका. मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रादेशिक पलटणी पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत, देवळालीत पॅरा पलटण आहे. पण नेमणूक सेनेच्या गरजेप्रमाणे होते. कोल्हापूरचा माणूस ईशान्येत आणि पंजाबचा माणूस पुण्यात असू शकतो. प्रवासाचे दिवस हिशेबात धरा.

पहिली पायरी: चोवीस महिन्यांचा हिशेब कागदावर मांडा

‘वर्षाला फक्त दोन महिने’ हे वाक्य सगळे ऐकवतात. पुढच्या वर्षांसाठी ते खरं आहे, पहिल्या दोन वर्षांसाठी नाही. कमिशन मिळाल्यावर पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण असतं. दोन महिन्यांचा वार्षिक कॅम्प पहिल्या वर्षीही असतो आणि नंतर दरवर्षी. शिवाय पहिल्या दोन वर्षांच्या आत तीन महिन्यांचं पोस्ट-कमिशन प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

बेरीज करा. एक, दोन, दोन आणि तीन. चोवीस महिन्यांपैकी आठ महिने तुम्ही कामावर नसणार, म्हणजे एक तृतीयांश काळ. हा आकडा स्वतःला, घरच्यांना आणि वरिष्ठांना पहिल्या दिवशीच सांगा. मी ऑफिसात ‘वर्षाला दोन महिने’ एवढंच सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी कॅम्पनंतर तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाचं पत्र हातात घेऊन गेलो, तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याला अर्धंच सांगितलं गेलं, असं वाटणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. तो विश्वास परत मिळवायला मला दोन वर्षं लागली.

हिशेब मांडताना तुमच्या कामाचा हंगामही शेजारी लिहा. सीए असाल तर जुलै ते ऑक्टोबर, प्राध्यापक असाल तर परीक्षा आणि प्रवेश, कारखान्यात असाल तर नव्या मॉडेलचं उत्पादन सुरू होण्याचे महिने, साखर कारखान्यात असाल तर गळीत हंगाम. कॅम्पच्या तारखा पलटण ठरवते, पण त्या अचानक उगवत नाहीत. वर्षाच्या प्रशिक्षणाचा आराखडा आधी तयार होतो. ॲडज्युटंटला (पलटणीचं प्रशासन पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) लवकर विचारलं तर अंदाज मिळतो, आणि एखादं वर्ष खरोखर अडचणीचं असेल तर वेळेत केलेली विनंती निदान ऐकून घेतली जाते. उशिरा केलेली कुणी ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे.

दुसरी पायरी: अर्ज करण्याआधी नेमणूकपत्र वाचा

बहुतेक खासगी कंपन्यांच्या नेमणूकपत्रात एक कलम असतं: कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय दुसरीकडे कोणतंही पगारी काम करता येणार नाही. सही करताना ते कुणी वाचत नाही. प्रादेशिक सेनेत पाचारणाच्या आणि प्रशिक्षणाच्या काळात पगार मिळतो, म्हणजे उद्या कुणाला तुमच्यावर बोट ठेवायचं असेल तर हे कलम तयारच आहे. त्यामुळे एचआरकडून एका ओळीचं लेखी उत्तर घ्या, की प्रादेशिक सेनेतील सेवेस कंपनीची हरकत नाही आणि ती या कलमाचा भंग मानली जाणार नाही. ईमेल चालतो. तोंडी ‘अरे, अभिमानच आहे आम्हाला’ हे मनापासूनचं असतं, पण ते म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत ना हरकत प्रमाणपत्र लागतंच आणि त्याची फाइल फिरायला वेळ लागतो. जाहिरात येण्याची वाट न पाहता कार्यालयात चौकशी सुरू करा. स्वतःचा व्यवसाय असेल तर व्यवसायाचं स्वरूप आणि वार्षिक उत्पन्न सांगणारं प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर करून द्यावं लागतं, सोबत पॅन कार्डची प्रत. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ऑइल अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी विभागीय पलटणी आहेत. तिथे संस्थेलाच ही पद्धत माहीत असल्यामुळे यातली बरीच दगदग कमी होते.

ऑफिसात नेमकं केव्हा सांगावं यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत. माझं मत पक्कं आहे: लेखी परीक्षेचा निकाल लागल्यावर, एसएसबीला जाण्याआधी. परीक्षा देणं ही तुमची खासगी बाब आहे. पण एसएसबीसाठी पाच दिवस आणि प्रवास अशी रजा लागते, आणि ती आजीच्या आजारपणाच्या नावाने घेऊ नका. ज्या सेवेत तुमच्या शब्दावर माणसं चालणार आहेत, तिची सुरुवात खोट्या रजेच्या अर्जाने व्हायला नको.

तिसरी पायरी: कायदा माहीत असू द्या, पण तो खिशात ठेवा

प्रादेशिक सेना कायद्याचं सातवं कलम सेवेच्या बंधनाबद्दल आहे, आणि त्यात प्रशिक्षणासाठीचं पाचारणही येतं. त्याला जोडलेलं कलम ७-ए नोकरदाराच्या कामाचं. अशी सेवा संपवून आलेल्या माणसाला परत कामावर घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि मध्ये खंड पडला नसता तर ज्या अटी त्याला लागू झाल्या असत्या त्यांहून कमी प्रतीच्या अटींवर त्याला ठेवता येत नाही. मालकाने नकार दिला तर प्रकरण नियमांत ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे नेता येतं. तो अधिकारी परत घेण्याचा आदेश देऊ शकतो, किंवा सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. कलम ७-बी भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क जपण्याबद्दल आहे.

यातली मर्यादाही पाहा. तोच अधिकारी परिस्थिती बघून मालकाला सूटही देऊ शकतो, आणि सहा महिन्यांचा पगार म्हणजे काही नोकरी नव्हे. शिवाय कायदा तुम्हाला खुर्ची परत मिळवून देईल, चांगला प्रकल्प किंवा बढती नाही. कंपनी ‘परत घेणार नाही’ असं जवळजवळ कधीच म्हणत नाही. प्रत्यक्षात घडतं ते असं, की तुम्ही नसताना नवं काम वाटलं जातं आणि तुमच्या वाट्याला जुन्याची डागडुजी येते. त्यावर कलम नाही. त्यावर उपाय पाचव्या पायरीत सांगतो.

एचआरशी पहिल्याच भेटीत कलमं सांगू नका. मात्र पत्रात कायद्याचा उल्लेख एका ओळीत, शांतपणे असू द्या. एचआरलाही फाइलला लावायला आधार लागतो. त्यांना अडवायचं नसतं, पण रजेच्या यादीत हा प्रकारच नसतो, म्हणून ते थबकतात.

चौथी पायरी: पत्र वेळेवर आणि पूर्ण द्या

इंग्रजीत लिहायचं असलं तरी मजकूर हाच ठेवा:

‘मी प्रादेशिक सेनेत अधिकारी असून वार्षिक प्रशिक्षणासाठी मला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हजर राहण्याचा आदेश मिळाला आहे. आदेशाची प्रत सोबत जोडली आहे. प्रवास धरून मी अमुक तारखेला कामावर नसेन आणि अमुक तारखेला सकाळी रुजू होईन. प्रादेशिक सेना कायदा १९४८ नुसार ही सेवा आहे. या काळातील रजेचा प्रकार, भविष्य निर्वाह निधी, गट आरोग्य विमा आणि वार्षिक मूल्यमापन याबाबत कंपनीचा निर्णय लेखी कळवावा, ही विनंती. माझ्या कामाच्या वाटपाचा तक्ता सोबत आहे.’

शेवटचं वाक्य सर्वांत जास्त उपयोगी पडतं. तक्ता जोडलेलं पत्र परवानगी मागत नाही, ते उत्तर घेऊन येतं.

तारखा अंदाजाने कळल्या की तोंडी सांगा, आदेश आला की त्याच दिवशी पत्र द्या. पलटणीचं ठिकाण, पुढची हालचाल, सोबत कोण आहे, यातलं काहीही पत्रात किंवा बोलण्यात आणू नका. ऑफिसला तारखा लागतात, ठिकाण लागत नाही. सहकारी आपुलकीने विचारतात, त्यांना आपुलकीनेच नाही म्हणता येतं. समाजमाध्यमांवर गणवेशातला फोटो टाकून नेमणुकीचं गाव लिहिणारे नवे अधिकारी मी पाहिले आहेत. असं कधीही करू नका.

पाचवी पायरी: तुम्ही नसताना काम चाललं पाहिजे

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण खरी कसोटी इथेच लागते.

माझ्या पहिल्या कॅम्पच्या वेळी मी निघायच्या आदल्या दिवशी दोन तास बसून सगळं ‘समजावून’ दिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एका डायच्या (धातूला आकार देणाऱ्या साच्याच्या) ड्रॉइंगमध्ये बदल हवा होता. शेवटची सुधारित आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर होती, सर्व्हरवर त्याआधीची. शेजारच्या टेबलावरची माझी सहकारी चार दिवस मला फोन लावत राहिली. मी फायरिंग रेंजवर होतो, फोन जमा केलेला. तिने जुन्या ड्रॉइंगवरून काम पुढे ढकललं, डाय चुकला, आणि बोलणी तिला खावी लागली. मी परतलो तेव्हा तिने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. कुणी रागावलं असतं तर एवढं लागलं नसतं. त्यानंतर मी जी पद्धत बसवली ती शेवटपर्यंत टिकली.

दोन महिने आधी एक वही उघडा, कागदाची किंवा संगणकावरची. रोज संध्याकाळी पाच मिनिटं त्यात एकच गोष्ट लिहा: आज असं काय झालं जे फक्त मला माहीत होतं? कुठल्या पुरवठादाराला आदल्या दिवशी आठवण करावी लागते, कुठल्या ग्राहकाचे साहेब ईमेल वाचत नाहीत पण फोन उचलतात, कुठलं मशीन पावसाळ्यात त्रास देतं. सहा आठवड्यांत ही वही तुम्हाला तुमच्याच कामाबद्दल इतकं सांगेल की चकित व्हाल. नेमक्या याच गोष्टी ‘हँडओव्हर’च्या दोन तासांत कधी आठवत नाहीत.

एक महिना आधी वरिष्ठांबरोबर बसून कामांचे तीन वाटे करा. काही कामं निघण्याआधी पूर्ण होतील. काही दुसऱ्याकडे जातील. काही थांबतील, आणि ती थांबणार हे ग्राहकालाही कळवलं जाईल. तिसरा वाटा रिकामा ठेवण्याचा मोह फार होतो, कारण ‘माझ्यामुळे काही अडणार नाही’ असं दाखवायचं असतं. पण काहीच थांबणार नसेल तर त्याचा अर्थ सगळा भार कुणा एकाच्या डोक्यावर गेला आहे. तो माणूस कोण, त्याचं स्वतःचं काम किती, हे विचारा. तुमचं काम सांभाळणाऱ्याच्या मूल्यमापनात त्याची नोंद व्हावी असं वरिष्ठांना लेखी सुचवा. याला पैसा लागत नाही, आणि हे कुणी करतही नाही.

निघण्याआधीचा एक आठवडा तुम्ही जागेवर असा, पण काम त्या सहकाऱ्याला करू द्या. अडेल तिथे अडू द्या. त्या आठवड्यात आलेले प्रश्न म्हणजे तुमच्या वहीत राहिलेल्या जागा.

कॅम्पमध्ये असताना फोनवर उपलब्ध राहीन असं वचन देऊ नका. तुम्हाला ते पाळता येणार नाही, आणि तुमच्या हाताखालच्या जवानांना अर्धं लक्ष ऑफिसात असलेला अधिकारी नको असतो. फार तर रविवारी संध्याकाळी जमलं तर एक फोन करीन, एवढंच सांगा.

वार्षिक मूल्यमापनाचं म्हणाल, तर वर्षाच्या सुरुवातीलाच उद्दिष्टं दहा महिन्यांची लिहून घ्या. बारा महिन्यांची उद्दिष्टं आणि दहा महिन्यांचं काम असा मेळ कधीच बसत नाही, आणि वर्षअखेर त्यावर वाद घालणं केविलवाणं होतं. नव्या प्रकल्पाचं वाटप तुम्ही नसताना होणार असेल तर निघण्याआधी स्पष्ट बोला: मी अमुक तारखेला येतोय, मला यातला हा भाग हवा आहे. न मागितलेलं कुणी राखून ठेवत नाही.

सहावी पायरी: पैसे

गणवेशात असता त्या काळात तुम्हाला नियमित सेनेतल्या त्याच हुद्द्याच्या अधिकाऱ्यासारखा पगार आणि भत्ते मिळतात. लेफ्टनंटला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून आणि त्यावर १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन, वर महागाई व इतर भत्ते. गणवेशात नसता तेव्हा सेनेकडून पगार नसतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा हा काळ कर्तव्यकाळ धरला जातो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी आपल्या विभागाचे आदेश मागून घ्यावेत.

खासगी नोकरीत कंपनी त्या दोन महिन्यांना बहुधा बिनपगारी रजा लावते. काही कंपन्या पगार चालू ठेवतात, काही फरकाची रक्कम देतात. तुमचा पगार लेफ्टनंटपेक्षा जास्त असेल तर दरवर्षी दोन महिने तूट येणार. ती आधीच्या दहा महिन्यांत बाजूला काढा. सेनेचा पहिला पगार खात्यात यायला माझ्या वेळी बराच उशीर लागला होता. म्हणून पहिल्या वर्षी गृहकर्जाचे निदान तीन हप्ते वेगळ्या खात्यात ठेवूनच निघा.

बिनपगारी महिन्यांत भविष्य निर्वाह निधीत भरणा होत नाही, तो का झाला नाही याची नोंद नीट लागली पाहिजे. ग्रॅच्युइटीसाठी सलग सेवा मोजताना मंजूर रजा खंड ठरत नाही. पण रजा ‘मंजूर’ असल्याचा कागद हवा, म्हणूनच चौथ्या पायरीतलं लेखी उत्तर महत्त्वाचं.

प्राप्तिकरात नवे अधिकारी हमखास अडकतात. वर्षात दोन ठिकाणांहून पगार येतो. दोघेही कर कापताना आपल्यापुरताच पगार बघतात आणि दोघेही प्रमाणित वजावट देऊन मोकळे होतात. विवरणपत्र भरताना दोन्ही बेरजा एकत्र आल्या की कर अंगावर येतो, आणि तो १०,००० रुपये किंवा जास्त असेल तर आगाऊ कर न भरल्याचं व्याजही. कॅम्पहून परतल्यावर सेनेच्या पगाराचा तपशील कंपनीच्या लेखा विभागाला द्या, ते उरलेल्या महिन्यांत जास्त कर कापतील.

मुदत विमा असेल तर विमा कंपनीला ही सेवा लेखी कळवा आणि पोच घ्या. अपघात विम्याच्या पॉलिसीत युद्ध आणि सैनिकी सेवा अनेकदा वगळलेली असते, बारीक अक्षरं वाचा. गट आरोग्य विमा बिनपगारी रजेत चालू राहतो का, हेही विचारा. तुम्हाला नाही लागला तरी घरच्यांना लागेल.

सातवी पायरी: लांबच्या पाचारणाची तयारी

दोन महिन्यांचा कॅम्प ही ठरलेली गोष्ट. पाचारण, ज्याला सगळे ‘एम्बॉडी होणं’ म्हणतात, ती वेगळी. इन्फंट्री (पायदळ) पलटणीतल्या अधिकाऱ्याला ते अधिक काळासाठी येऊ शकतं, आणि हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. अनेकांना ती ओळ कागदावरची वाटते. ६ मे २०२५ च्या आदेशाने केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेचे अधिकारी आणि जवान बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ इन्फंट्री पलटणींपैकी १४ पलटणी पाचारण करण्याचं त्यात म्हटलं होतं, आणि मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंतची. त्या आठवड्यात मला आलेल्या फोनांत घाबरलेलं कुणी नव्हतं, पण तयारी नसलेले बरेच होते.

तयारी म्हणजे एक फाइल. तिच्यात मृत्युपत्र, सगळ्या खात्यांवरची वारसाची नोंद, पती किंवा पत्नीच्या नावे बँकेच्या व्यवहारांचं अधिकारपत्र, विम्याचे कागद, घराच्या कर्जाचा तपशील आणि मुलांच्या शाळेची कागदपत्रं. ती कुठे आहे हे घरातल्या दोन माणसांना माहीत हवं. ऑफिससाठी दुसरा कागद: दोन महिन्यांऐवजी वर्षभर नसलो तर माझ्या जागी कोण, आणि त्याला आत्तापासून काय शिकवावं लागेल. या दुसऱ्या कागदावर वर्षातून एकदा वरिष्ठांशी अर्धा तास बोला. लांबच्या पाचारणात तुमच्या जागी तात्पुरता माणूस घेणं कंपनीचा हक्क आहे, त्यावर रुसू नका. तुमचा हक्क परत येण्याचा आहे.

स्वतःचा व्यवसाय असेल तर

इथे मागे साहेब नसतात आणि पगारी रजाही नसते. एकट्याने दवाखाना किंवा वकिली चालवणाऱ्याला भागीदाराशिवाय हे जमवणं फार कठीण, असं माझं स्पष्ट मत आहे. भागीदार मिळत नसेल तर त्याच व्यवसायातल्या एका विश्वासू माणसाशी लेखी ठरवा: माझे पक्षकार किंवा रुग्ण या काळात तू बघ, तुझे मी तुझ्या रजेत बघीन, फी अशी वाटू. वकिलांनी कॅम्पच्या तारखा कळताच त्या महिन्यांतल्या तारखा पुढे मागून घ्याव्यात आणि पक्षकाराला कारण सांगावं. दुकानदाराने घाऊक मालाची देणी निघण्याआधी मिटवावीत. ग्राहक थांबतो, पण आपण त्याला सांगितलेलं असेल तरच थांबतो.

घर

घरच्यांची संमती एकदा घेऊन संपत नाही. लग्नाआधी दिलेली संमती मूल झाल्यावर पुन्हा घ्यावी लागते, आई-वडील सत्तरी ओलांडतात तेव्हा पुन्हा. दरवर्षी कॅम्पच्या तारखा आल्या की आम्ही नवरा-बायको कॅलेंडर घेऊन बसायचो. मुलीची परीक्षा, वडिलांची तपासणी, गावाकडची जत्रा, गणपती. जे मी चुकवणार ते तिच्यासमोर एका रंगाने लिहायचं. पाचव्या वर्षी तो रंग सलग तीन वेळा मुलीच्या वाढदिवसावर आला. तेव्हा मी ॲडज्युटंटला पुढच्या वर्षीसाठी तारखांची विनंती केली आणि ती मान्य झाली. लिहून ठेवलं नसतं तर कळलंही नसतं.

दहा महिने शरीर सांभाळणं हेही घरच्या वेळापत्रकातच बसवावं लागतं. पलटणीत गेल्यावर ओझ्यासह पाच किलोमीटर पळायचं असतं, आणि तुमच्या पुढे-मागे विशीतले जवान असतात. आठवड्यातून चार सकाळी पळणं आणि एक सकाळ पाठीवर वजन घेऊन चालणं, एवढं वर्षभर केलं तर कॅम्पचा पहिला आठवडा निभावतो. महिनाभर आधी उठून पळायला लागणारे गुडघे धरून बसतात.

परतीचा पहिला आठवडा

कॅम्प संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावर रुजू होऊ नका. एक दिवस घरी द्या. झोप, कपडे, आई-वडिलांशी बोलणं.

ऑफिसात पहिल्या दिवशी तुमच्या कथा सांगू नका, त्यांच्या ऐका. दोन महिन्यांत काय झालं ते विचारा आणि लिहून घ्या. ज्याने तुमचं काम पाहिलं त्याने काही वेगळ्या पद्धतीने केलं असेल तर निदान महिनाभर ते तसंच चालू द्या. पुष्कळदा ती पद्धत जास्त चांगली निघते. पलटणीत हुकूम दिला की माणसं हलतात, त्या आवाजाची सवय दोन महिन्यांत लागते. ऑफिसात तो आवाज सहकाऱ्यांना टोचतो. मला हे माझ्या साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, आणि मी त्यांचा त्यासाठी ऋणी आहे.

उलट दिशेने काय आणायचं ते मात्र जरूर आणा. एका सुभेदार साहेबांकडून मी शिकलो, की काम सांगून झाल्यावर समोरच्याला ते त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायचं. कारखान्यात ही सवय आणली आणि चुकीच्या ड्रॉइंगवर काम होणं जवळजवळ थांबलं.

आणि शेवटचं काम, जे मी त्या पहिल्या चुकीनंतर दरवर्षी केलं. परतल्याच्या पहिल्या आठवड्यात, माझ्यामुळे बोलणी खाल्लेल्या त्या शेजारच्या सहकारी बाईंच्या टेबलाशी जाऊन विचारायचं, या वर्षी तुला मोठी रजा केव्हा हवी आहे. एका वर्षी तिने दिवाळीचे आठ दिवस सांगितले, माहेरी साताऱ्याला जायचं होतं. निघण्याआधी तिने तिची वही माझ्या टेबलावर आणून ठेवली.